क्लबचे गोल देशाच्या जर्सीत का अडतात?

१२ जुलै १९९८ रोजी पॅरिसला लागून असलेल्या स्ताद द फ्रान्सवर फ्रान्सने ब्राझीलला ३-० असं हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. झिदानचे दोन हेडर आणि अगदी शेवटी पेतीने केलेला तिसरा गोल फुटबॉलवेड्यांना आजही आठवतो. त्या संघाच्या आघाडीवर उभा असलेला स्तेफान गिवार्श मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. खरं तर त्या हंगामात ओझेर क्लबकडून २१ गोल करून तो फ्रेंच लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. त्याच्या आदल्या वर्षी रेनकडून खेळतानाही हा मान त्यानेच मिळवला होता. म्हणजे सलग दोन वर्षं देशातला पहिल्या क्रमांकाचा गोलवीर, आणि विश्वचषकात त्याच्या नावावर शून्य गोल. पहिल्याच सामन्यात दुखापतीने बाहेर, परत आल्यावर चाचपडणं, आणि अंतिम सामन्यात समोर गोलरक्षक असताना वाया गेलेल्या संधी. अंतिम सामन्याआधी फ्रान्सचे महत्त्वाचे गोल बचावपटूंनी केले. बाद फेरीत पॅराग्वेविरुद्ध ब्लांने, उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध थुरामने दोन. गिवार्शची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १४ सामने आणि १ गोल एवढ्यावर संपली.

असे खेळाडू प्रत्येक देशात सापडतात. शनिवार-रविवारी क्लबसाठी गोलांची रास रचणारा माणूस देशाची जर्सी घातली की आटून जातो. चाहते मग दोनपैकी एक निदान करतात. एक, ‘त्याला दडपण झेपत नाही.’ दोन, ‘क्लब पैसे देतो म्हणून तिथे पळतो, देशासाठी जीव लावत नाही.’ दुसरं निदान मला अन्यायाचं वाटतं आणि पहिलं अपुरं. स्ट्रायकर हा मैदानावरचा सर्वांत परावलंबी खेळाडू आहे. गोलरक्षकाकडे चेंडू समोरचा संघच पाठवतो, मिडफिल्डर स्वतः खाली येऊन चेंडू मागून घेऊ शकतो. स्ट्रायकरला मात्र ठरावीक जागी, ठरावीक क्षणी, दुसऱ्या कुणीतरी चेंडू द्यावा लागतो. तो ‘दुसरा कुणीतरी’ बदलला की सगळंच बदलतं.

इटलीच्या चिरो इम्मोबिलेचं उदाहरण मी म्हणूनच सविस्तर घेतो. चार वेगवेगळ्या हंगामांत तो इटालियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. २०१९-२० मध्ये लात्सिओसाठी त्याने ३६ गोल केले, लीगच्या एका हंगामातल्या विक्रमाशी बरोबरी केली आणि युरोपचा गोल्डन शूही घेतला. लात्सिओच्या इतिहासात त्याच्याइतके गोल कुणाचेच नाहीत; हा आकडा २०७ आहे. इटलीसाठी मात्र ५७ सामन्यांत १७ गोल.

लात्सिओ तेव्हा कसं खेळायचं ते पाहिलं की हे कोडं बरंचसं सुटतं. प्रशिक्षक सिमोने इन्झागी तीन सेंटर-बॅक, पाच मिडफिल्डर आणि दोन आघाडीपटू खेळवायचा. संघ थोडा मागे राहून समोरच्याला पुढे येऊ द्यायचा आणि चेंडू हिसकावला की लुईस आल्बेर्तो किंवा मिलिंकोविच-साविच मान वर करून थेट बचावफळीच्या पाठीमागच्या मोकळ्या पट्ट्यात पास टाकायचे. इम्मोबिलेची धाव तोवर सुरूही झालेली असायची. त्याचं सगळं कसब या धावेत होतं. बचावपटूच्या नजरेआडून अर्धा सेकंद आधी निघायचं, ऑफसाइडची रेष चुकवायची आणि चेंडू फार न खेळवता पहिल्या-दुसऱ्या स्पर्शात फटका मारायचा. पास देणाऱ्याला धाव ठाऊक, धावणाऱ्याला पास ठाऊक. वर्षानुवर्षं रोजच्या सरावातून आलेली ही जाण होती.

इटलीच्या संघात रॉबेर्तो मांचिनीने वेगळाच खेळ बसवला. जॉर्जिन्यो आणि व्हेराती मधोमध, चेंडू आपल्याकडे ठेवायचा, छोट्या पासांनी समोरच्याला दमवायचं. खेळ देखणा होता आणि त्याने इटलीला २०२१च्या उन्हाळ्यात युरोपचं विजेतेपदही मिळवून दिलं. पण इटलीने चेंडू ताब्यात ठेवला की समोरचा संघ साहजिकच मागे सरकून आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर भिंत उभी करतो. मग इम्मोबिलेला ज्या मोकळ्या पट्ट्यात पळायचं तो पट्टाच शिल्लक राहत नाही. अशा वेळी स्ट्रायकरने पाठ गोलकडे करून चेंडू अडवायचा, भिंतीसारखा परत द्यायचा, दोघांच्या गर्दीत वळायचं. नेमकं तेच त्याचं बलस्थान नव्हतं. त्या युरोमध्ये पहिल्या दोन सामन्यांत त्याने एकेक गोल केला आणि मग बाद फेरीत एकही नाही. वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात इंग्लंड एका गोलने पुढे असताना मांचिनीने पंचावन्नाव्या मिनिटाच्या सुमारास त्याला बाहेर काढलं आणि खऱ्याखुऱ्या स्ट्रायकरशिवाय खेळायचं ठरवलं. पुढे बोनुचीने बरोबरी साधली आणि इटली पेनल्टींवर जिंकली.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २४ मार्च २०२२ रोजी पालेर्मोत नॉर्थ मॅसिडोनियाविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. इटलीने गोलच्या दिशेने तीसहून जास्त फटके मारले आणि गोल शून्य. भरपाईच्या वेळेत त्रायकोव्स्कीने दुरून एक फटका मारला, चेंडू जाळ्यात गेला आणि युरोपचा विजेता विश्वचषकाबाहेर राहिला. त्या हंगामाच्या शेवटी इटालियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू पुन्हा इम्मोबिलेच होता.

त्याच्या त्या विक्रमी ३६ गोलांतले १४ पेनल्टीवरचे होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. हे गोल खोटे असं मी म्हणत नाही. पेनल्टीला काळीज लागतं. पण इटलीच्या संघात पेनल्टी मारायचा तो जॉर्जिन्यो. म्हणजे क्लबमधल्या गोलांचा मोठा वाटा देशाच्या जर्सीत पहिल्याच दिवशी वजा झाला. कुठल्याही स्ट्रायकरच्या आकड्यांची अशी तुलना करताना त्यातल्या पेनल्टी आधी बाजूला काढाव्यात, निम्मे वाद तिथेच मिटतात.

इंग्लंडच्या अँडी कोलवर तर पेनल्टीचा आळ कुणी घेऊच शकत नाही. प्रीमियर लीगमधल्या त्याच्या १८७ गोलांत पेनल्टीवरचा गोल एकच आहे. न्यूकासलसाठी १९९३-९४ मध्ये त्याने लीगमध्ये ३४ गोल केले. पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये १९९८-९९ च्या हंगामात तो आणि ड्वाइट यॉर्क यांनी मिळून सर्व स्पर्धांत ५३ गोल केले आणि क्लबने लीग, एफए कप व चॅम्पियन्स लीग एकाच वर्षी जिंकली. बार्सिलोनाच्या मैदानावर त्या दोघांनी केलेला गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर शोधून पाहावा. कीनचा पास येतो, यॉर्क चेंडूला स्पर्श न करता तो पायांतून मागे कोलकडे जाऊ देतो, कोल यॉर्कला देतो, यॉर्क परत कोलला, आणि चेंडू जाळ्यात. बचावपटूंना चेंडू कुणाकडे आहे हेच कळलेलं नसतं. दोघांनी मान वर करून एकमेकांकडे पाहिलेलंही नसतं.

यॉर्क मात्र त्रिनिदाद आणि टोबॅगोचा. इंग्लंडच्या जर्सीत तो कोलच्या शेजारी कधीच उभा राहणार नव्हता. तिथे शेजारी असायचा तो अनेकदा अ‍ॅलन शिअरर, ज्याला स्वतःलाच मधली जागा हवी असायची. इथे मला एक गोष्ट मान्य करायलाच हवी. बेकहॅम आणि स्कोल्स हे कोलला रोज चेंडू पुरवणारे दोघेही इंग्लंडच्या संघात होते, त्यामुळे ‘पुरवठा नव्हता’ एवढ्यावर कोलची गोष्ट संपत नाही. त्याला खरी चणचण होती ती सामन्यांची. पहिला सामना मार्च १९९५ मध्ये बदली खेळाडू म्हणून, दुसरा थेट १९९७ च्या जूनमध्ये. मधल्या काळात पायाची हाडं मोडलेली. १९९६ चा युरो नाही, १९९८ चा विश्वचषक नाही. व्हेनेबल्स, हॉडल, कीगन, एरिक्सन असे चार कायम प्रशिक्षक आले. त्यातल्या हॉडलने तर कोलला एका गोलसाठी फार संधी लागतात असं जाहीरपणे म्हटलं. २८ मार्च २००१ रोजी तिरानामध्ये अल्बानियाविरुद्ध त्याने अखेर गोल केला, तोच पहिला आणि तोच शेवटचा. २००२ च्या विश्वचषकासाठी डावलल्यावर त्याने देशाकडून खेळणं थांबवलं. सहा-सात वर्षांत १५ सामने, १ गोल.

आता याच शिअररकडे पाहू. सप्टेंबर १९९४ ते जून १९९६ या काळात इंग्लंडसाठी सलग १२ सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. त्याच काळात ब्लॅकबर्नसाठी तो लीगच्या एका हंगामात ३४ आणि दुसऱ्या हंगामात ३१ गोल करत होता. वर्तमानपत्रं त्याला बसवा म्हणत होती. व्हेनेबल्सने त्याला आधीच सांगून टाकलं होतं की युरोमध्ये तूच खेळणार. स्विस संघाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात कोंडी फुटली, स्पर्धेत त्याने ५ गोल केले आणि तो युरो १९९६ चा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तेराव्या सामन्यात शिअरर मोकळा झाला. योगायोग असा की कोलचा एकमेव गोलही त्याच्या तेराव्या सामन्यातलाच. एकाला बारा कोरडे सामने जवळपास सलग आणि विश्वासाने मिळाले, दुसऱ्याला तेवढेच सामने तुकड्यातुकड्यांनी आणि संशयाने. शिअरर कोलपेक्षा सरस होता, याबद्दल माझं दुमत नाही. पण सरसपणाच्या त्या फरकाने ३० गोल आणि १ गोल यांच्यातली दरी भरून निघत नाही.

हा केवळ विश्वासाचा प्रश्न नाही, त्यात गणितही आहे. क्लबचा हंगाम जवळजवळ दहा महिने चालतो आणि मोठ्या क्लबचा स्ट्रायकर त्यात पन्नासेक सामने खेळतो. देशाच्या संघाला फिफाच्या वेळापत्रकात सप्टेंबर ते नोव्हेंबर, मार्च आणि जून अशा थोड्या थोड्या दिवसांच्या खिडक्या मिळतात. वर्षाकाठी दहा-बारा सामने. सोमवारी खेळाडू जमतात, त्यातले काही आदल्या रात्री खेळून आलेले असतात, आणि गुरुवारी सामना. आता असा स्ट्रायकर धरा, ज्याला दर दोन सामन्यांपैकी एकात गोल मिळतो. हा उत्तम दर्जाचा खेळाडू झाला. नाणं उडवल्यासारखा हिशेब केला, तर त्याचे लागोपाठ पाच सामने कोरडे जाण्याची शक्यता बत्तिसात एक आहे. १९९८ पासून २०२२ पर्यंतच्या विश्वचषकांत ३२ संघ असायचे. प्रत्येक संघाकडे असा उत्तम स्ट्रायकर आहे आणि प्रत्येकाला पाच सामने मिळाले असं समजलं, तरी सरासरीने एकजण निव्वळ नशिबाने रिकाम्या हाती घरी जाणार. त्याच्या पायात काही बिघडलेलं नसणार, मनातही नाही. क्लबमध्ये ऑक्टोबरातले असे पाच सामने मे महिन्यापर्यंत कुणाच्या आठवणीत राहत नाहीत. विश्वचषकातले पाच सामने मरेपर्यंत चिकटतात.

दडपण नसतंच असं मात्र मी म्हणणार नाही. अर्जेंटिनाच्या गोन्सालो इग्वाईनची कहाणी वाचताना घशात काहीतरी अडकतं. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या टोनी क्रूसने चुकून चेंडू मागे ढकलला आणि इग्वाईन गोलरक्षकासमोर एकटा उरला. फटका बाहेर गेला. २०१५ मध्ये सान्तियागोत चिलीविरुद्धच्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी, लावेझ्झीचा पास त्याच्यापर्यंत पोहोचला आणि चेंडू जाळीच्या बाहेरच्या बाजूला लागला. नंतर पेनल्टीही त्याने बारच्या वरून मारली. २०१६ मध्ये पुन्हा कोपाचा अंतिम सामना, पुन्हा चिली, मेडेलच्या चुकीने पुन्हा एकटा गोलरक्षक समोर, पुन्हा बाहेर. ओळीने तीन वर्षं, तीन अंतिम सामने. तिसऱ्या खेपेला पाय उचलताना पहिल्या दोन वेळा त्याच्या मनात आल्या नसतील असं कोण म्हणेल? पण हाच इग्वाईन २०१४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमविरुद्ध एकमेव गोल करून संघाला पुढे घेऊन गेला होता. अर्जेंटिनासाठी त्याने ७५ सामन्यांत ३१ गोल केले. २०१५-१६ मध्ये नापोलीसाठी त्याने ३६ गोल केले होते, आणि त्या तिसऱ्या हुकलेल्या संधीनंतर बरोबर महिन्याने युवेंटसने त्याच्यासाठी नऊ कोटी युरो मोजले. बाजाराने त्याची किंमत एका पैशानेही कमी केली नव्हती. देशाने मात्र केली.

काहींना तर संधीचा उंबरठाही नीट ओलांडता आला नाही. ब्राझीलच्या मारिओ जार्देलने पोर्तुगालच्या लीगमध्ये १९९८-९९ ला ३६ आणि २००१-०२ ला ४२ गोल करून दोनदा युरोपचा गोल्डन शू घेतला. पण देशात रोनाल्डो, रोमारिओ आणि रिव्हाल्डो असताना त्याच्या वाट्याला दहाच सामने आले. जर्मनीचा स्टेफान किसलिंग २०१२-१३ मध्ये २५ गोल करून बुंडेसलीगात पहिला आला आणि प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनी त्याला बोलावलंच नाही. त्यांच्या खेळाच्या आराखड्यात तशा स्ट्रायकरला जागा नव्हती.

ल्योव यांचाच दुसरा निर्णय याच्या अगदी उलट बाजूचा आहे आणि मला तो फार शिकवून जातो. लुकास पोडोल्स्कीने २००९-१० च्या लीग हंगामात कोल्नकडून अवघे २ गोल केले होते. कुठल्याही निवड समितीने त्याला घरी बसवलं असतं. ल्योव यांनी त्याला विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेला नेलं, डाव्या बाजूला त्याच्या नेहमीच्या जागी उभं केलं, आणि त्याने ऑस्ट्रेलिया व इंग्लंडविरुद्ध मिळून दोन गोल केले. क्लबच्या अख्ख्या वर्षाएवढे. मिरोस्लाव्ह क्लोझचंही तसंच. क्लबच्या आकड्यांत तो क्वचितच अफाट होता, पण विश्वचषकात १६ गोल करून तो पुरुषांच्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. या दोघांसाठी देशाचा संघच वर्षानुवर्षं न बदललेलं घर होतं. तोच प्रशिक्षक, तेच साथीदार, तीच जागा.

पोलंडचा रॉबर्ट लेवांडोव्स्की हे गणित उलट्या टोकाने दाखवतो. २०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याने १६ गोल केले आणि मुख्य स्पर्धेत शून्य. पात्रता फेरीतल्या दुबळ्या संघांपुढे पोलंडचे मिडफिल्डर त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवू शकत होते, विश्वचषकात ते जमेना. बायर्न म्युनिकमध्ये ज्या माणसाला पेनल्टी बॉक्समध्ये उभ्या उभ्या चेंडू मिळत, त्याला देशासाठी अर्ध्या मैदानापर्यंत खाली येऊन तो शोधावा लागला. विश्वचषकातला पहिला गोल करायला त्याला २०२२ पर्यंत थांबावं लागलं. सौदी अरेबियाविरुद्ध तो गोल झाला तेव्हा चौतीस वर्षांचा हा कसलेला खेळाडू मैदानावर रडला.

आणि गोल न करणारा स्ट्रायकर अपयशीच, असंही नसतं. २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सचा ऑलिव्हिए जिरू एकही गोल न करता विश्वविजेता झाला. अख्ख्या स्पर्धेत गोलच्या चौकटीत जाणारा एक फटकाही त्याच्या नावावर नाही. पण दोन सेंटर-बॅकना तो अंगावर घेऊन उभा राहायचा आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत एम्बापे आणि ग्रीझमन घुसायचे. प्रशिक्षक देशाँला त्याच्याकडून तेच हवं होतं. पुढे जिरू ५७ गोलांसह फ्रान्सच्या पुरुष संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट स्पष्ट दिसते. देशाचा संघ स्ट्रायकर घडवत नाही, तो क्लबकडून उसना घेतो. सोबत एकाच क्लबचे साथीदारही उसने मिळाले, जसे २०१० मध्ये स्पेनला बार्सिलोनाचे मिळाले, तर सवयीही आयत्या मिळतात. नाही मिळाले, तर प्रशिक्षकाकडे द्यायला एकच चीज उरते, ती म्हणजे सलग सामने.

हे ध्यानात घेऊन आपल्याकडे पाहिलं की आपलं दुखणं वेगळ्या जागी सापडतं. इंग्लंड-इटलीला क्लबचे गोल देशासाठी कसे वळवायचे हा प्रश्न पडतो. आपल्याकडे वळवायला गोलच नाहीत. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. एफसी गोवाने तो तीनदा मिळवला, दोनदा कोरोमिनासने आणि एकदा आंगुलोने, दोघेही स्पेनचे. त्याआधी आय-लीगमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून ओडाफा आणि डेम्पोकडून रँटी गोल करत होते, दोघेही नायजेरियाचे. क्लबांना मी दोष देत नाही. सामना जिंकायचा तर नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागी तयार परदेशी खेळाडू घेणं हे शहाणपणाचंच आहे. पण त्यामुळे भारतीय आघाडीपटू विंगवर सरकतो, मधल्या जागेची सवयच त्याला लागत नाही, आणि देशाकडून खेळताना एकदम त्याच जागी उभा केला जातो.

परिणाम समोर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात भारताने तीन सामने खेळले आणि एकही गोल केला नाही. जूनमध्ये भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता, वयाच्या चाळिशीत, १४ गोलांसह. म्हणून मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने देशासाठी ९५ वा गोल केला, आणि सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध सामना ०-० सुटला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. भारताचा एकमेव गोल मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेने केला, आणि तो विंगर आहे.

भारतीय क्लबांच्या मालकांना आणि प्रशिक्षकांना एवढीच कळकळीची विनंती आहे. एका तरी विशीतल्या भारतीय मुलाला नऊ नंबरच्या जागी सबंध हंगाम खेळवा, आणि पहिले बारा सामने त्याला गोल मिळाला नाही तरी तेराव्यालाही त्याच जागी उतरवा.